लाल टिंब

"हे लाल टिंब खोड," प्राचार्य म्हणाले. "उद्या तपासणी समिती येतेय."

अश्लेषा भिंतीवरच्या नकाशासमोरून हलली नाही. 'सुरक्षा अभ्यास' या नव्या पदवीच्या वर्गाने कॉलेजातल्या धोक्याच्या जागा त्यावर दाखवल्या होत्या. तिचं टिंब मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या दारावर होतं. त्या दाराला कायम बाहेरून कुलूप असायचं.

"अगं, ते कुलूप तुमच्या सुरक्षेसाठीच आहे."

"कायद्याच्या तासाला शिकलो, आगीत बाहेर पडायचं दार कुलूपबंद ठेवता येत नाही. मानसशास्त्राच्या तासाला शिकलो, घाबरलेली माणसं किल्ली शोधत बसत नाहीत, दारावर आदळतात. आत आम्ही नव्वदजणी असतो, सर."

त्यांनी व्हाइटनर पुढे केला. तिने तो घेतला आणि दुसरा हात पसरला.

"टिंब आत्ता खोडते. आधी किल्ली द्या."