सात मिनिटांत जुळलेलं हाड

विक्रांतची नवी खोड अनसाक्कांच्या डोक्यात गेली होती. चढाईला आलेला गडी बाद झाला तरी त्यांचा हा नातू त्याचा घोटा सोडत नसे, पिरगाळून मोडूनच उठत असे. आज त्यानं समोरच्या संघातल्या सुहासचा मोडला. हाडं जुळवणारा नवा लेप लावला, सात मिनिटांत हाड जुळलं, सुहास पुन्हा खेळायला उभा राहिला. म्हणून सामना संपल्यावर पंचांचा वाद पेटला, विक्रांतला उद्याच्या परतीच्या सामन्यातून काढायचं की नाही.

"नियमात दुखापतीला शिक्षा आहे, आक्का," मोठे पंच म्हणाले. "इथं दुखापत उरलीच कुठं?"

"सगळेच मोडतात, आज्जी," विक्रांत म्हणाला. "जुळतंय की लगेच."

आक्का दुसरीतून शाळा सोडलेल्या, पण चाळीस वर्षं कबड्डीचं मंडळ चालवून त्यांना गडी वाचता येत होता. एरवी पार कोपऱ्यात घुसणारा सुहास हाड जुळल्यावर दोनदा चढाईला आला आणि दोन्ही वेळा मधली रेषा ओलांडून दोन पावलांतच मागं फिरला. ते एकाही पंचानं लिहून घेतलं नव्हतं.

आक्का विक्रांतसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उद्या तू खेळायचंस. पहिली चढाई तुझीच. पण तुझ्या पायाला लेप लागणार नाही, आणि हे मी आत्ताच सुहासच्या संघातल्या पोरांना सांगून येते. मोडलाच तर दीड महिना खाटेवर पड. भाकरी मी भरवीन."