बदकाचा डबा

एका सहीत साहेबांचे चार हजार आठशे सुटत होते. तपासनीस बाईंना शहराबाहेरच्या गोदामात धाडायचं, त्यांचा तपासणी भत्ता कापायचा, की कुलुपांच्या कारखान्याचे महिन्याला चार हजार वाचणार; आणि वर्षाच्या बचतीवर व्यवस्थापकाला दहा टक्के बक्षीस. मान टेकवता येईल अशी खुर्ची साहेबांनी हेरून ठेवली होती. दुकानात जाऊन दोनदा बसूनही झालं होतं.

सही झाली. टेबलावरचा जेवणाचा डबा कोपराने बाजूला सारून त्यांनी हुकूम बाईंपुढे सरकवला.

"साहेब, मीच का? रोज तीनशे कुलपं लावून-उघडून देते. वर्षात एक परत आलेलं नाही."

"तुम्ही साडेपाचला उठता."

"कारखाना साडेपाचलाच सुटतो."

"कारखाना सुटतो हो. माणसानं लगेच सुटायचं असतं का?"

साहेब स्वतः पाच पस्तीसला निघत; पण ते मोटारीने, त्यामुळे ते निघाले असं न वाटता कामावर गेले असं वाटे.

"गोदाम आठला बंद होतं," बाई म्हणाल्या. "घरात मी आणि साडेतीन वर्षांची पोर. पाळणाघराला सहानंतरचे जादा पैसे द्यायचे, तेही कापलेल्या पगारातून? त्यापेक्षा नोकरी सोडलेली परवडेल."

साहेबांना तेही चालणार होतं. तसं ते बोलले मात्र नाहीत. "लेखी अर्ज द्या. तीस दिवसांत विचार करू."

बाईंनी हुकुमाची घडी घातली. त्यांची नजर घटकाभर डब्यावर रेंगाळली. झाकणावर पिवळं बदक चिकटवलेलं होतं, खाली एका पाळणाघराचं नाव आणि पत्ता. साहेबांची आई घरच्या बाहेरच्या खोलीत पाळणाघर चालवायची. वीस पोरांच्या डब्यांवर बदकं चिकटवताना एकविसावा डबा वेगळा काढायचं तिला कधी सुचलं नव्हतं. साहेबांनी नखाने खरवडून पाहिलं होतं. फक्त चोच निघाली.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी अर्ज दिला, पोचेचा शिक्का मारून घेतला. साहेबांनी तो सगळ्यांत खालच्या खणात टाकला. त्या खणातून आजवर एकही कागद वर आलेला नव्हता.

सोमवारी बाई गोदामात रुजू झाल्या. त्याच संध्याकाळी सहाला साहेब घरी पोचले. सहानंतर बाहेरची खोली त्यांची. पाय स्टुलावर, चहा हाताशी, अडीच तास कुणी हाक मारायची नाही. आज त्यांच्या जागेवर एक मुलगी बसली होती. डाव्या पायात उजवा बूट, उजव्यात डावा.

"ही कोण?"

"बटण," आई चपला घालत म्हणाली. "हिची आई साडेआठला येते. साडेसातला दूध दे. साय काढून दे, नाहीतर थुंकते."

"मी? आणि तू कुठे चाललीस?"

"पत्ते खेळायला. अकरा वर्षांत माझा डाव चुकलेला नाही, बाळ्या, तो तुझ्यासाठी चुकवू?"

साडेआठला दार वाजलं. दारात तपासनीस बाई. "अगंबाई, साहेब, तुम्ही?" त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. साहेबांना नंतर वाटलं, जरा जास्तच होतं.

मग रोजचंच झालं. साहेब घोडा झाले. साहेबांच्या उरलेल्या केसांना दोन लाल पिना लागल्या. त्यातली एक मंगळवारी तशीच कारखान्यात गेली आणि दुपारपर्यंत कुणी बोललं नाही. बटण सायीवरून भांडायची, गोष्टीतला वाघ मेला की रडायची, पुन्हा जिवंत केला की घाबरायची. एकदा तिने साहेबांकडे फार मायेने पाहिलं.

"काका, तुला न्यायला कुणीच येत नाही का रे?"

बाराव्या दिवशी खालचा खण उघडला. अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून बदली रद्द, बाई मूळ जागी, कापलेला भत्ता मागच्या दिवसांसह परत.

त्या रात्री साडेआठला बाईंनी पर्स उघडली तेव्हा आईने त्यांचा हात धरला. "ठेव ते आत. उशीर ज्याच्यामुळे, पैसे त्याचे." आणि हातातला कागद मुलापुढे धरला. बारा दिवस, रोजचे अडीच तास, तासाला शंभर: तीन हजार.

"आणि खाली हे पाचशे कसले?"

"प्रवेश फी."

"हिची प्रवेश फी मी भरू? ही तुझ्याकडे जुनी असेल ना!"

"जुनी कसली? तू हुकूम दिलास त्याच संध्याकाळी या दोघी आल्या. हिनं तुझी सही दाखवली, अर्ज दाखवला, आणि म्हणाली, पोरीला इथे ठेवायचंय. आधीचं पाळणाघर हिच्या घराखालीच होतं, चांगलं होतं. तिथून पोर हलवायची वेळ कुणी आणली?"

"पण आपला पत्ता हिला दिला कुणी?"

आईने पावतीपुस्तक काढलं. बाई वाकून बटणचे बूट योग्य पायांत घालत होत्या. साहेबांनी ओट्यावर वाळत घातलेल्या आपल्या डब्याकडे पाहिलं. बिनचोचीचं बदक त्यांच्याकडेच बघत होतं.

कारखान्याचं काही गेलं नाही. बाईंचं काही गेलं नाही. आईने साडेतीन हजार मोजून घेतले, पावती फाडली, आणि पालकाच्या रकान्यात साहेबांचं नाव लिहिलं.