ह्यांचं औषध

१९५२ साली डोंबिवलीच्या दवाखान्यात औषध न्यायला नाव लागत नसे, घरची रिकामी बाटली लागे. आवडाबाई पाटलांची बाटली कंपाउंडर पोंक्ष्यांनी भरून दिली. आवडाबाई पायरी उतरल्या आणि परत आल्या.

"कालच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी होती. आज नाय. वासपण निराळा येतोय."

"चिठ्ठी बघतो. नाव?"

"पाटील."

"पाटील आज तिघे आहेत. पेशंटचं नाव सांगा."

"आमच्या ह्यांचं."

"ते तिघेही कुणाचे ना कुणाचे 'हे' आहेत, बाई."

"शकूच्या बापाचं."

"चिठ्ठीवर शकू नाही."

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं सासूने बजावून ठेवलेलं. आणि नवरा तर घरी दोन दिवस तापाने फणफणत होता. आवडाबाई दारापर्यंत जाऊन आल्या, पदराचं टोक पिळलं, बाकावर कुणी नाही हे दोनदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "काळुराम."

पोंक्ष्यांनी चिठ्ठी काढून वाचली. मग बाटली मोरीत ओतली.

"हे दुसऱ्या पाटलांच्या गुडघ्याला चोळायचं होतं," ते पुटपुटले. "पोटात गेलं असतं तर…"

त्यांनी बाटली धुऊन पुन्हा भरली, पट्टी चिकटवली.

"मी नाव घेतलं, ते कुणाला सांगू नका हां," आवडाबाई हळूच म्हणाल्या.

"नाही सांगत," पोंक्षे म्हणाले. "तुम्हीही सांगू नका."