दहा हातांच्या आत

“साब, ये लगाके देखो.” दुकानदार जब्बारभाईनं दुधीभोपळ्याएवढी लेन्स तातेरावांच्या हातात ठेवली. “हुसेनसागर के इस पार से उस पार का बगुला दिखता. मुँह में मछली कौनसी, वो भी बोल देता मैं!”

तातेरावांनी नुसती मान डोलावली. त्यांना कुठलीही लेन्स सारखीच. पटकन एक घ्यायची, पोरीचं समाधान करायचं आणि ती गेली की सगळं कपाटात टाकून द्यायचं, हे ते चिक्कडपल्लीच्या घरून निघतानाच ठरवून आले होते.

पोर म्हणजे उत्पला. सचिवालयात नोकरीला. राज्याचे दोन तुकडे झाले, मग माणसांचीही वाटणी झाली, आणि त्या वाटणीत उत्पला आंध्राकडे गेली. जन्म हैदराबादचा, आई गेली ती इथंच, आणि आता नोकरी म्हणे कृष्णेकाठी! सोमवारी आंध्राच्या नव्या राजधानीत, अमरावतीला हजर व्हायचं होतं. रडून झालं, भांडून झालं. आता तिला एकच घोर होता, मागं एकटे राहणारे आबा. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस दिवसभर खिडकीशी बसायचा. आई गेल्यापासून त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. तो पुन्हा गळ्यात पडला तर निदान तळ्यावर जातील, चार माणसांत बोलतील. म्हणून तिनं नवा कॅमेरा घेतला आणि आज लेन्ससाठी त्यांना कोठीच्या बाजारात ओढत आणलं.

“आबा, एवढी मोठी नक्को,” ती म्हणाली. “ही छोटी बघा. झूमची आहे. मी नेटवर वाचलंय, बाहेर फिरायला ही एकच पुरते. डोंगर पण येतो, फूल पण येतं. बदलायची झंझट नाही.”

“अम्मा, साब परिंदेवाले हैं,” जब्बारभाई हसला. “छोटी से परिंदा हाथ आता क्या?”

“मोठीच द्या,” तातेराव म्हणाले. वाद कशाला!

पाखरांचं त्यांना एके काळी वेड होतं. दर रविवारी तळं. शेजारी डबा घेऊन मालनबाई बसलेली, मधे चिमुरडी उत्पला. त्यांची तेव्हाची लेन्स अशी, की दहा हातांच्या आतलं काही टिपताच यायचं नाही तिला. शिवाय रीळ महाग. ते माणसांवर कोण वाया घालवतो? आणि माणसं तरी कोण, घरचीच!

मालनबाई तापाचं निमित्त होऊन गेली. पुण्यानुमोदनाला ठेवायला तिचा फोटो हवा होता. तातेराव सगळ्या निगेटिव्ह घेऊन खिडकीत बसले. एकेक पट्टी उजेडात धरून बघितली. खंड्या निघाले, बगळे निघाले, चित्रबलाकांचे थवेच्या थवे निघाले. मालन कुठंच नव्हती. एका पट्टीच्या कोपऱ्यात नुसता एक डाग होता, वाऱ्यानं उडालेल्या तिच्या पदराचा. तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. पुतण्याच्या लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करून आणला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला. बघावं तर तो चेहरा तिचा वाटतच नव्हता.

त्यानंतर एकदाच ते तळ्यावर गेले. कॅमेरा डोळ्याला लावला आणि शेजारी बांगडी वाजली. कुणीतरी हलकेच मागं सरकलं. वळून बघितलं तर गवत. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तातेरावांच्या पाठीला घाम फुटला. घरी येऊन त्यांनी कॅमेरा कपाटात कोंडला आणि किल्ली खिशात टाकली. उत्पलाला वाटलं, आबांचे गुडघे धरले.

“बाहर जाके मार लो साब एक-दो फोटू,” लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढवत जब्बारभाई म्हणाला.

नाइलाजानं तातेराव दुकानाच्या पायरीवर आले. रस्ता ऑटोंनी भरलेला होता. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर एक घार बसली होती. त्यांनी कॅमेरा उचलला. पोरगी बघत होती. त्यांनी डोळा लावला.

शेजारी बांगडी वाजली.

“मी मधात यायले का, आबा?”

तातेरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. हेच ते शब्द. तळ्यावर मालन हेच विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता पोरीला काखेत धरून मागं सरकायची. त्यांनी कॅमेरा खाली घेतला. या वेळी तिथं गवत नव्हतं. उत्पला होती. ओढणी गोळा करून, अंग चोरून, भिंतीला चिकटून उभी. बापानं कॅमेरा उचलला की आपण दिसायचं नाही, एवढं तिला पक्कं शिकवलेलं होतं. त्या निगेटिव्हमधे मालन नव्हती, तशी हीसुद्धा नव्हती. एकाही पट्टीत नव्हती. आणि सोमवारी ही जाणार होती.

ते तसेच आत गेले. जाताना त्यांनी उत्पलाचं मनगट घट्ट धरलं होतं. तिला कळेना, यांना झालं काय!

“क्या हुआ साब? परिंदा नहीं आया?” जब्बारभाईनं विचारलं.

“परिंदे बस हुए, मियाँ,” मोठी लेन्स काढून काउंटरवर ठेवत तातेराव म्हणाले. “बाजू में खड़ी बेटी किसमें आती, वो दिखाओ.”