लाल ठिपका

सभागृहातल्या पडद्यावर शहरातल्या साऱ्या पालिका शाळा परीक्षेच्या निकालाप्रमाणे हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. लाल ठिपका एकच होता आणि तो मुख्याध्यापिका गावितबाईंच्या शाळेचा.

"साहेब, माझी मुलं बांधकाम मजुरांची. इमारत उभी राहिली की आईबापांबरोबर दुसरीकडे जातात. नवी येतात, त्यांना पुन्हा मुळाक्षरांपासून शिकवते," बाई म्हणाल्या.

अधिकारी तरुण होता, भला होता. त्याचा आवाज उतरला. "तुमचं पटतंय, बाई. पण आकड्यांत हे धरता येत नाही हो. आणि शेवटच्या क्रमांकाच्या शाळेचा निर्णय वरूनच झालाय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच फाटकावर सूचना चिकटवली. खळ अजून ओली होती, तोच तिसरीतली सेवंती आली. दिवाळीनंतर शाळेत आली तेव्हा तिला एक अक्षर येत नव्हतं. आता ओळीवर बोट फिरवत, अडखळत, पण एकही चूक न करता तिनं मोठ्यानं वाचलं, "ही शाळा मेपासून कायमची बंद करण्यात येत आहे."

मग मागे वळून हसत म्हणाली, "बरोबर वाचलं ना, बाई?"

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या.