रिकामं खोकं

पत्र्याचं आगगाडीचं इंजिन माझ्याकडे, आणि त्याचं मूळ पुठ्ठ्याचं खोकं क्लॅरीकडे. जुनी खेळणी जमवणाऱ्यांत खेळण्यापेक्षा खोक्यालाच जास्त मान, कारण पोरं आधी तेच फाडतात. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरॅट गावी जुन्या खेळण्यांच्या दर बाजारात मी ते मागायचो आणि क्लॅरी म्हणायचा, "हात धुऊन ये, लांबून बघू देतो. न्यायचंच असेल तर माझ्या मयतीला ये." ह्याच भांडणात दोघं म्हातारे झालो.

काल गेलो, त्याच्या मयतीला. चर्चमागच्या हॉलमध्ये चहा झाला, खुर्च्या उचलल्या गेल्या, माझे गुडघे बोलायला लागले. निघताना क्लॅरीच्या मुलीने, ग्लेनिसने, एक कापडी पिशवी हातात दिली. आत ते खोकं होतं. क्लॅरीने शब्द पाळला होता. पिशवी इतकी जड कशी, ते मात्र कळेना.

"बाबा सांगून गेले होते, खोकं नॉर्मकाकांनाच द्यायचं," ग्लेनिस म्हणाली. "पण रिकामं कसं द्यायचं? म्हणून उरलेले लॅमिंग्टन केक भरलेत. एक बाजू फाटली जराशी, पण चेपून चेपून मावले सगळे."