वादिमच्या नावाचा पेला

झ्लाताचा बाप्तिस्मा झाला ते दोन हजार अकरा साल. विधी आटोपून सगळे चर्चबाहेर पडले, तरी तिची आजी येवदोकिया आतच रेंगाळली. तिच्या हातात एक मेणबत्ती उरली होती.

जिवंत माणसांची मेणबत्ती तसबिरीपुढे लागते, गेलेल्यांची क्रुसाजवळच्या बुटक्या मेजावर. येवदोकियाचा मुलगा वादिम त्याच्या बहिणीच्या, लारिसाच्या लग्नाच्या वर्षी घरातून गेला तो परतला नव्हता. त्याची मेणबत्ती ती तसबिरीपुढेच लावायची.

"पुन्हा इथंच?" फादर ओनुफ्री म्हणाले. "बाई, जिवंताला मेल्यात धरणं पाप, आणि मेलेल्याला प्रार्थनेवाचून ठेवणं हेही पापच. चौदा वर्षं झाली. एकदा नक्की कर."

"रोस्तिक सांगतो ना, पोर्तुगालात आहे म्हणून."

फादर मेजावर सांडलेलं मेण खरवडू लागले. रोस्तिकबद्दल, वादिमच्या या बालमित्र रोस्तिस्लाव हायदाबुराबद्दल, त्या खाणगावात कुणीच फार बोलत नसे. तो खासदार होता, दोन खाणींचा मालक होता. राजधानीतली वर्तमानपत्रं त्याच्या जुन्या टोळीबद्दल काय काय छापत. चर्चचा सोनेरी घुमट त्यानंच बांधून दिला होता.

दुपारी जर्दाळूच्या झाडाखाली पंगत बसली. रोस्तिस्लाव आला, येवदोकियाच्या पाया पडावं तसा वाकून त्यानं तिच्या हाताचं चुंबन घेतलं. त्याचे रखवालदार फाटकाबाहेर गाडीतच थांबले.

"त्या पोरांना वाढू का रे?"

"नको मावशी, पोट भरलं की झोपतात ती." त्यानं चेरी भरून उकडलेल्या करंज्या, वारेनिकी, ताटात ओढल्या. "तीच चव!"

"तू चोरायचास त्या चेरींची चव निराळी होती."

"चोरायचो मी, मार खायचा वादिम!" तो मोठ्यानं हसला. "खाणीच्या ढिगाऱ्यावरून पत्र्यावर बसून घसरायचो, आठवतं? तो पुढं, मी मागं."

"आठवतं तर! दोघांच्या चड्ड्या शिवायला मीच बसायची."

पहिला पेला झ्लाताच्या नावानं झाला. पेल्यांना पेले असे भिडले, की पोर जागी होऊन रडायला लागली. दुसरा येवदोकियाच्या नवऱ्याच्या, पनासच्या नावानं. तो खाणीत वारला होता. लारिसाचा नवरा, झ्लाताचा बाप देनिस तोवर रंगात आला होता. त्यानं पेला पुढं केला, तसं रोस्तिस्लावनं त्याचं मनगट धरलं.

"गेलेल्याच्या नावानं पेले वाजवायचे नसतात, जावईबापू. उभं राहायचं आणि मुकाट प्यायचं."

सगळे उठून मुकाट प्याले. एवढा मोठा झाला, पण पोरगा रीत विसरला नाही, असं येवदोकियाला वाटलं.

"वादिम काय म्हणतो?" तिनं विचारलं.

"मजेत आहे. मुकादम झालाय. कॉफी पाठवलीय तुला." त्यानं नेहमीसारखा पुडा पुढं सरकवला. मग कितीतरी वेळ तो वादिमबद्दलच बोलत राहिला. दोघांत मिळून एकच कोट होता. एका हिवाळ्यात तो आळीपाळीनं घातला. रोस्तिस्लावला ताप आला, तेव्हा वादिमनं आपली पाळी सोडली आणि महिनाभर कुडकुडत शाळेत गेला.

"असा मित्र पुन्हा मिळत नाही, मावशी," तो म्हणाला.

येवदोकियानं स्वतःच्या हातानं व्होडका ओतली.

"आता माझ्या वादिमच्या नावानं," ती म्हणाली आणि तिनं पेला पुढं केला.

रोस्तिस्लाव उभा राहिला. डोळे मिटून त्यानं पेला एका घोटात रिकामा केला.

भिडवायला पुढं केलेला येवदोकियाचा पेला मेजावर तसाच अधांतरी थांबला. तिला वाईट वाटू नये म्हणून देनिस आपला पेला भिडवायला सरसावला. तिनं हात मागं घेतला, उठली, आणि मुकाट प्याली.

"आणखी वारेनिकी घे, रोस्तिक," ती म्हणाली. "गार होतायत."

रविवारी फादर ओनुफ्रींना ती क्रुसाजवळच्या बुटक्या मेजापाशी मेणबत्ती लावताना दिसली.

"कुणाची गं?"

"माझ्या मुलाची," येवदोकिया म्हणाली. "वादिम. सत्त्याण्णव साली वारला."